पेन्शनचा हिशेब आणि गांवचें घर



पुणें-सातारा रस्त्यावर नसरापूरला वेल्ह्याचा फांटा फुटतो. त्या वाटेनें मार्गासनी मागें टाकलें कीं विंझर येतें. आजूबाजूला भाताचीं खाचरें, वर राजगड आणि तोरणा. या खोऱ्यांतून पुण्यास जाऊन नोकरी केलेलीं माणसें पुष्कळ आहेत. नोकरी संपली कीं शहरांतलें घर विकावें, गांवीं टुमदार घर बांधावें आणि उरलेलें आयुष्य तेथें काढावें, असा बेत त्यांच्यांतील अनेकांच्या मनांत असतो. बेत चांगला आहे. पण तो हिशेबाच्या आधीं ठरतो, एवढीच त्याची खोड.

उदाहरणादाखल विंझरचे एक गुरुजी कल्पावे. पुण्याच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेंत शिक्षक, वय ५६, निवृत्तीस दोन वर्षें बाकी. नेमणूक १ नोव्हेंबर २००५ पूर्वींची, म्हणून १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणें त्यांना जुनी पेन्शन मिळावयाची. एके रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं गांवच्या घराचा नकाशा पत्नीपुढें पसरला. पुण्याचें घर विकावयाचें आणि पेन्शन विकून येणारी रक्कमही बांधकामांत घालावयाची, असें सांगितलें. बाईंनीं नकाशा पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, घर छानच होईल. पण तुमच्या मागें माझ्या हातीं दरमहा काय येणार, तें आधीं मांडा."

जन्मभर मुलांना गणित शिकविलेल्या गुरुजींनीं हें एक उदाहरण कधीं सोडविलें नव्हतें.

तें असें सुटतें. शेवटचें मूळ वेतन ८०,००० रुपये धरलें, तर पूर्ण पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे ४०,००० रुपये. तींतील जास्तींत जास्त ४० टक्के भाग विकतां येतो. तेवढा विकला तर दरमहा १६,००० रुपये कमी होतात आणि २४,००० उरतात. महागाई वाढ मात्र मूळच्या ४०,००० वरच मिळते. विकलेला भाग पंधरा वर्षांनीं पुन्हां सुरू होतो. म्हणजे ५८ व्या वर्षीं निवृत्त झालेल्यास तो ७३ व्या वर्षीं दिसावयाचा. पतीच्या पश्चात् पत्नीला प्रारंभीं कांहीं मर्यादित काळ वाढीव दरानें, आणि पुढें शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे २४,००० रुपये व त्यावरील महागाई वाढ, एवढें कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतें.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पेन्शन विकून आलेली रक्कम ही बक्षिसी नव्हे; पुढच्या पंधरा वर्षांचें अन्न आज एकदम घरांत आलें, इतकाच तिचा अर्थ. ती सगळी भिंतींत गेली, तर भिंत दरमहा व्याज देत नाहीं. दुसरें असें कीं, संसाराचा नेहमींचा खर्च पतीच्या पूर्ण पेन्शनवर न बसवितां पत्नीच्या कुटुंबनिवृत्तिवेतनावर बसवावा. त्यांत भागलें, तरच बेत पक्का.

ज्यांना ही पेन्शन नाहीं, त्यांनीं तर अधिकच जपलें पाहिजे. याच गुरुजींचा धाकटा भाऊ कारखान्यांत असेल, तर त्याची पेन्शन १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेंतली. सप्टेंबर २०१४ मध्यें ठरलेल्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर हिशेब केला, तर तीस वर्षांच्या नोकरीनंतरही ती सामान्यतः सात हजारांच्या आंतच राहते. तिच्यावर महागाई वाढ नाहीं आणि विधवेला तिच्या निम्मी मिळते. अशा माणसाची खरी पेन्शन म्हणजे त्याचा भविष्यनिर्वाह निधि; तो घरांत घालणें म्हणजे पेरणीचें बियाणें दळून खाणें होय.

पैशानंतर जागेचा प्रश्न. वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर चुलतभावांचींही नांवें असतात. वांटणी झाल्यावांचून तेथें पाया खणणें म्हणजे म्हातारपणीं कज्जा विकत घेणें. जागा गावठाणांत आहे कीं शेतांत, बांधकामाला परवानगी कोणती लागेल, हें निवृत्तीपूर्वींच तलाठ्याकडे व ग्रामपंचायतींत जाऊन पाहावें. पेन्शनचे कागदही तसेच. सेवापुस्तक, बँक आणि आधार यांत पतिपत्नींचीं नांवें व जन्मतारखा एकसारख्या आहेत ना, हें आजच ताडून घ्यावें. शेवटच्या महिन्यांत धांवाधांव करूं नये.

राहतां राहिली शरीराची गोष्ट. मे महिन्यांतलें विंझर आणि आषाढांतलें विंझर हीं दोन वेगळीं गांवें होत. पावसाची झड लागली, वीज गेली, आणि रात्रीं छातींत कळ आली तर पन्नासेक किलोमीटरांवरचें पुणें फार दूर वाटतें. म्हणून पुण्याचें घर लगेच विकूं नये. तें भाड्यानें द्यावें आणि एक अख्खा पावसाळा गांवीं काढून पाहावा. नोव्हेंबरांतल्या हयातीच्या दाखल्यासाठीं आतां बँकेच्या दारांत उभें राहावेंच लागतें असें नाहीं. २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीनेंही देतां येतो.

विंझरच्या माथ्यावरचा राजगड हा धडा फार पूर्वींच शिकवून गेला आहे. रायरी शिवाजी महाराजांच्या हातीं १६५६ मध्यें आली. रायगडावर राज्याभिषेक झाला तो १६७४ मध्यें. मधल्या काळांत राजगडानें राजधानीचा भार वाहिला. नवें ठाणें हातीं आलें म्हणून जुनें त्याच दिवशीं कोणी सोडलें नाहीं.

गुरुजींनीं कागद पुन्हां मांडला. घर तीन खोल्यांवरून दोन खोल्यांचें झालें, पेन्शनचा थोडाच भाग विकावयाचा ठरला, आणि आलेली रक्कम पत्नीच्या नांवें ठेवावयाची ठरली. बाईंनीं बेरीज एकवार तपासली आणि नकाशाची घडी घालीत म्हटलें, "आधीं एक पावसाळा काढूं. मग पाया खणूं."