‘गावातल्या गावात’ म्हणजे कुठपर्यंत?

(कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्र-मैत्रिणींनो, शिक्षण, रोजगार, तलाक या विषयांवर तुम्ही पुष्कळ ऐकलंय, पुढेही ऐकाल. आज मी स्कूटरवर बोलणार आहे. आत येताना बाहेर लावलेल्या गाड्या पाहिल्या. त्यातल्या किती जणांच्या खिशात लायसन्स आहे, हे विचारत नाही. घाबरू नका.

लायसन्स का नाही असं विचारलं की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं: “मी कुठे लांब जातो? गावातल्या गावात तर चालवतो.” हे गाव केवढं मोठं आहे बघा. दामतहून नेरळ स्टेशन म्हणजे गावातल्या गावात. कशेळ्याहून कर्जतचा बाजार, तोही गावातल्या गावात. चौकहून निघून जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर ट्रक आणि ट्रेलरच्या शेजारून खोपोलीला जाणारा माणूससुद्धा हेच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या तिसऱ्या कलमात साधी गोष्ट आहे: सार्वजनिक जागी गाडी चालवायची तर परवाना हवा. मोहल्ल्यातला लोकांच्या येण्याजाण्याचा रस्ताही सार्वजनिकच. आपल्या कर्जत तालुक्यात लायसन्सची चिंता नसलेलं एक ठिकाण आहे, माथेरान. कारण तिथे दस्तुरी नाक्याच्या पुढे आपली गाडीच नेता येत नाही.

आता वयाचं. “सोळाव्या वर्षी विनागिअरची चालते” हे वाक्य मी अब्बांच्या तोंडूनही ऐकलंय, पोरांच्याही. हे अर्धंच खरं आहे. कायदा सोळाव्या वर्षी परवानगी देतो ती ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीला. आपल्या दारात उभी असलेली अॅक्टिव्हा जवळजवळ ११० सीसीची. तिला गिअर नसला तरी वय अठराच लागतं. शोरूममध्ये ५० सीसीची गाडी आज शोधून सापडणं कठीण, त्यामुळे व्यवहारात सोळा वर्षांची ही सवलत कागदावरच आहे. बॅटरीवरच्या गाडीचंही तसंच. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी, अगदी कमी ताकदीची असेल तिलाच सूट आहे. बाकीच्या बॅटरी स्कूटरला नंबरही लागतो आणि लायसन्सही.

अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर काय होतं? २०१९च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं. मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. “मला माहीत नव्हतं” हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावर. अब्बा चावी खुंटीला लावून दुकानात जातात, त्या चावीची ही किंमत आहे.

पण पोलिसाची भीती हा लायसन्स काढण्याचा सगळ्यात हलका हेतू. खरी गोष्ट विम्याची आहे, आणि ती आपल्या घरांमध्ये कोणी बोलत नाही. समजा लायसन्स नसलेल्या धाकट्याने स्टेशनच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या माणसाला धडक दिली. गाडी अब्बांच्या नावावर, हप्ते अजून चालू. “विमा आहे ना,” आपण म्हणतो. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वरणसिंग खटल्यात यावर निकाल दिला. जखमी माणसाचा काही दोष नाही, त्याला विमा कंपनीने भरपाई द्यावी. पण मालकाने अटीचा भंग केला, परवाना नसलेल्याच्या हातात गाडी दिली, हे कंपनीने सिद्ध केलं, तर ती रक्कम मालकाकडून वसूल करता येते. म्हणजे अब्बांकडून. स्कूटरचे हप्ते संपायच्या आत दुसऱ्याच्या मोडलेल्या पायाचे हप्ते सुरू. आणि मालक स्वतः गाडी चालवत असताना जीव गेला तर? दुचाकीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण घेता येतं. त्याची अटच अशी की त्याच्याकडे वैध लायसन्स हवं. तीन-चार हजार वाचवले म्हणून घरच्यांच्या हातचे १५ लाख जाऊ शकतात.

तीन-चार हजार म्हटलं ते एजंटचा आकडा डोक्यात ठेवून. सरकारी फी बघा. लर्निंगला प्रत्येक वर्गासाठी १५० रुपये, त्याच्या परीक्षेचे ५०. पक्क्या लायसन्सच्या चाचणीला प्रत्येक वर्गासाठी ३००, कार्डाचे २००. वर्ग म्हणजे विनागिअर आणि गिअरची, हे दोन वेगळे. गिअरचं काढून ठेवा, उद्या नोकरीत गिअरची बाइक हातात आली तर पुन्हा धावपळ नको.

अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर होतो. १४ जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते, मराठीतून. शेकडा ६० उत्तरं बरोबर आली की पास. ही परीक्षा सायबर कॅफेवाल्या भाईला देऊ देऊ नका. पास तो होतो आणि वळणाच्या पाटीचा अर्थ तुम्हाला कळत नाही. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे हे खालापूर टोलनाक्याच्या आसपास राहणाऱ्यांनाही कधी कधी सांगावं लागतं.

अर्ज करण्याआधी नावं बघा, आपल्याकडे हे हटकून अडतं. आधारवर ‘मोहम्मद’, शाळेच्या दाखल्यावर ‘मो.’, पॅनवर आडनाव पुढे. निकाहनंतर मुलीचं नाव एका कागदावर बदललेलं, दुसऱ्यावर नाही. घरबसल्या लर्निंगला नाव आधारवरचंच येतं, तेव्हा आधी आधार दुरुस्त करा. विम्याच्या दाव्याच्या वेळी ‘हा तोच माणूस का’ हा प्रश्न फार त्रास देतो.

आता मुलींकडे येतो. घरात स्कूटर एक, ती चालवायला येणारे चौघे, लायसन्स एकट्या भाईजानचं. बहीण चालवते, पण डेअरीपर्यंत. “तिला लायसन्स कशाला, जाणार कुठे?” कॉलेजला जाणार, रसायनीच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाणार, अम्मीला रात्री दवाखान्यात नेणार. एसटी चुकली आणि शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचं म्हटलं की आपल्या भागात अर्धा दिवस जातो. राज्यघटनेच्या कलम १९ने देशात कुठेही फिरायचं स्वातंत्र्य दिलंय. ते वापरायला स्टेशनपर्यंत तरी पोचता आलं पाहिजे. कोणी दीनचं नाव पुढे केलं तर सांगा की ६५६ साली जमलच्या लढाईत हजरत आयेशा उंटावर होत्या, त्या लढाईचं नावच त्या उंटावरून पडलं. कोणी सौदीचा दाखला दिला, तर तिथेही २४ जून २०१८ पासून बायका गाडी चालवतात.

बुरखा किंवा ओढणी असेल तर मागचं चाक झाकणारी जाळी काढू नका. दिसायला बरं नाही म्हणून पोरं ती उतरवतात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून ती नियमानेच लावलेली असते. हेल्मेट हिजाबवर बसतं, टोपीवरही बसतं. कायद्याने सूट दिली आहे ती पगडी बांधणाऱ्या शीखांना.

लर्निंग सहा महिने चालतं. ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. चाचणीत इंग्रजी आठच्या आकड्यावर गाडी फिरवायची, पाय खाली टेकवायचा नाही. हात दाखवायला विसरू नका, कित्येक जण तिथेच अडकतात. मैदानावर आठ-दहा दिवस आठ काढलात की येतं. गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी सोबत न्या. तिशीच्या आत लायसन्स मिळालं तर ते चाळिशीपर्यंत चालतं.

आणि एक. लर्निंगवाल्याने लाल ‘एल’ लावायचा आणि सोबत शिकवणारा लायसन्सधारक हवा. त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला मागे बसवायचं नाही. म्हणजे बहीण चाचणीला निघाली की गाडी ती चालवेल आणि भाईजान मागे बसतील.