पटावरची धूळ

आज एक कबुली द्यायची आहे. मी शर्यतींचा शौकीन माणूस. कवीला हे शोभत नाही, असं मित्र म्हणतात. पण रविवारी संध्याकाळी टीव्हीवर फॉर्म्युला वन लागली, की आमच्या घरात माझ्याशी कुणी बोलायला येत नाही.

२९ नोव्हेंबर २०२०. बहारीनची शर्यत. पहिल्याच फेरीत फ्रान्सच्या रोमाँ ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. मी ताडकन उभा राहिलो. पडद्यावर तो अपघात पुन्हा दाखवेनात, तेव्हा काळजाचं पाणी झालं. मग तो दिसला. जवळजवळ २८ सेकंद ज्वाळांत काढून बाहेर पडला होता, हात भाजले होते. अल्लाचे आभार मानत मी खाली बसलो.

तो सुखरूप आहे हे कळल्यावर मात्र अपघात पुन्हा पुन्हा दाखवू लागले, आणि मीही तो प्रत्येक वेळी पाहिला. शेवटी आमच्या बेगम म्हणाल्या, "कितनी बार देखोगे जी?" त्याच शर्यतीतला एक चालक डॅनियल रिकार्डो याच कारणाने संतापला होता. मी गप्प बसलो. मी शर्यत बघतो की अपघाताची वाट बघतो?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो शंकरपटात. लहानपणी थंडीच्या दिवसांत मामू मला भंडारा जिल्ह्यात पटाला न्यायचे. धान निघालेलं, रान मोकळं, रात्री झाडीपट्टीचं नाटक. हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी सुटली, की धुरकरी जणू हवेतच. सारा निकाल सेकंदांवर. एकदा छकडा उलटला. गर्दीचा श्वास अडकला. धुरकरी धूळ झटकत उठला आणि टाळ्या, शिट्ट्यांचा कल्लोळ झाला. मीही नाचत होतो. मामूंनी माझा हात धरला आणि बोट दाखवलं. डावीकडचा बैल उठत नव्हता. धुरकरी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, आणि आमच्या टाळ्या चालूच होत्या.

आता एवढं कळतं, की मला मरण बघायचं नसतं. माणूस मरणाच्या तावडीतून निसटताना बघायचा असतो. पण निसटण्यासाठी आधी तावडीत सापडावं लागतं! १९९४ मध्ये इमोला इथे ३० एप्रिलला रोलँड रात्झेनबर्गर आणि १ मे रोजी आयर्टन सेना गेले. त्यानंतर सुरक्षेचे नियम कडक होत गेले. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती 'हेलो' नावाची टायटॅनियमची चौकट आली. गाडीचं रूप गेलं, म्हणून मी नाक मुरडलं. ग्रोजाँही आधी तिच्या बाजूचा नव्हता. त्याच चौकटीने आपल्याला वाचवलं, हे त्याने इस्पितळातून सांगितलं.

पण ग्रोजाँ त्या गाडीत आपल्या मर्जीने बसला होता. बैलाला कोण विचारतं? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा टपरीवर चहा गार होईपर्यंत मी भांडलो होतो. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा ग्राह्य धरला. आता चाबूक नको, आर लावलेली काठी नको, असे नियम आहेत. "मग मजा काय राहिली?" असं पटावर कुणीतरी म्हणतंच. 'हेलो' आली तेव्हा मीही हेच म्हणालो होतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला जीभ रेटत नाही.

शौक काही सुटलेला नाही. हिवाळा आला, की पाय पटाकडे वळतात आणि जोडी सुटली, की छाती आजही धडधडते. फक्त छकडा कलंडला, की हात आवरतो. माणूस उठला का ते बघतो, मग दोन्ही बैल उठले का ते बघतो. टाळी त्यानंतर. तेवढ्यात पुढची जोडी सुटलेली असते, आणि माझी टाळी बहुतेक वेळा राहूनच जाते.