विरून जाणारे औषधवाहक
(कुपवाड येथे विद्यार्थी व सभासदांसमोर दिलेले व्याख्यान)



आजचा विषय नावाने जड वाटेल, पण त्याचा संबंध आपल्या घराशी आहे. मिरजेच्या दवाखान्यांत कर्करोगाच्या उपचारासाठी येणारे रुग्ण आपण पाहतो. औषध गाठीसाठी दिलेले असते, परंतु ते रक्तातून सर्वांगात फिरते. म्हणून केस गळतात, तोंड येते, अन्न जात नाही. तेव्हा चांगले औषध शोधून भागत नाही. ते योग्य ठिकाणी आणि पुरेसा काळ पोहोचवावे लागते.

यासाठी शास्त्रज्ञांनी औषधाला वाहन दिले. एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपली तांबडी रक्तपेशी ७ ते ८ हजार नॅनोमीटरची असते. औषध वाहणारे हे कण बहुधा १०० ते २०० नॅनोमीटरचे, म्हणजे पेशीच्या आत शिरू शकतील इतके लहान असतात.

हे वाहन बनते कशाचे? बरेचदा ‘पीएलजीए’ या पदार्थाचे. लॅक्टिक आम्ल व ग्लायकोलिक आम्ल यांच्या रेणूंची ती लांब साखळी आहे. लॅक्टिक आम्लाने दही आंबट होते आणि ग्लायकोलिक आम्ल उसात आढळते. शरीरातील पाण्याने साखळी हळूहळू तुटते, औषध थोडे थोडे सुटते आणि उरलेल्या आम्लांचे शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड होते. शस्त्रक्रियेतील विरघळणारे टाके याच जातीच्या पदार्थांचे असतात.

याचा लाभ काय? प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील एक औषध पूर्वी रोज टोचावे लागे. याच जातीच्या, पण आकाराने मोठ्या कणांतून ते महिन्यातून एकदा देण्यास अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली. एमआयडीसीत रोजंदारीवर राबणाऱ्या माणसाला दवाखान्याच्या प्रत्येक खेपेला एक खाडा पडतो. त्याच्यासाठी ही सोय लहान नाही.

या विषयात आपल्या राज्यातील विद्यापीठाचाही वाटा आहे. डॉ. विनोद लाभसेटवार यांनी नागपूर विद्यापीठात प्रा. डोर्ले यांच्यासमवेत काम केले. हिवतापावरील प्रायमाक्विन व आमांशावरील मेट्रोनिडाझोल ही औषधे अतिसूक्ष्म कणांतून देण्याविषयीचा त्यांचा निबंध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते अमेरिकेत गेले. तेथे डॉ. जयंत पन्यम व सहकाऱ्यांसह त्यांनी २००२ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. पेशी हा कण गिळते तेव्हा तो आधी एका आम्लयुक्त पिशवीत अडकतो. तेथे त्याच्या पृष्ठभागावरील विद्युतभार ऋण असतो तो धन होतो, आणि सुमारे १० मिनिटांत कण पिशवीतून निसटून पेशीद्रवात उतरतो. आतले औषध वा जनुक नष्ट होण्यापासून वाचते.

जनुकासाठी तर असे वाहन हवेच. उघडे जनुक रक्तातील विकरे तोडून टाकतात. कोरोना काळातील एम-आरएनए लशींनाही संरक्षण लागले. ते मेदाच्या अतिसूक्ष्म कणांनी दिले.

परंतु मित्रहो, भुलून जाऊ नये. रक्तात सोडलेले बरेचसे कण यकृत व प्लीहा अडवून ठेवतात. पीएलजीएच्या कणांतून जनुक देण्याचे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. ‘नॅनो’ शब्द छापलेली प्रत्येक बाटली म्हणजे हे शास्त्र नव्हे. कोणी गुण सांगून विकू लागला, तर प्रथम डॉक्टरांना विचारावे.

विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू की, या कामाला रसायन, जीवशास्त्र आणि औषधनिर्माण हे तिन्ही विषय लागतात, आणि ते आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकविले जातात. औषध पेशीपर्यंत नेण्याची वाट बरीचशी सापडली आहे. ते गरिबाच्या खिशाला परवडेल अशा किमतीत घरापर्यंत नेण्याची वाट अजून शोधायची आहे. ते काम तुमच्या पिढीने हाती घ्यावे.