क्वार्टरच्या छताचा प्रश्न

(जबलपूर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



जबलपूरचा मे महिना आपल्याला नव्याने सांगायला नको. रात्रपाळी करून आलेला ड्रायव्हर किंवा टपालाचा सॉर्टर दुपारी आडवा होतो, तेव्हा डोक्यावरची स्लॅब तव्यासारखी तापलेली असते. ऊन उतरले तरी ती रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहते. झोप न झालेल्या ड्रायव्हरच्या हाती गाडीभर माणसांचा जीव असतो. म्हणून हा प्रश्न चैनीचा नाही, सुरक्षिततेचा आहे.

काही साथींनी विचारले, शीतगृहाच्या मोडीतला फोम भंगारात मिळतो, तो छतावर घालावा काय? जरूर घालावा. पाच सेंटिमीटर पॉलियुरेथेन फोम उष्णता अडवण्यात दोन मीटर काँक्रीटला भारी पडतो. मात्र तुकडे कोरडे हवेत. भिजलेला फोम निकामी.

थर स्लॅबच्या वरून घालावा, म्हणजे स्लॅब तापतच नाही. आधी गळती बंद करावी. तुकडे एकमेकांना भिडवून बसवावेत, सांधे बुजवावेत, वर पाणी न झिरपणारा थर आणि कोबा करून चुना मारावा. कोब्याचे वजन स्लॅबला पेलेल की नाही, हे इंजिनिअरकडून तपासून घ्यावे. पत्र्याचे छत असेल तर भिंत आणि पत्रा यांमधल्या फटींतून लू आत शिरते. त्या बंद कराव्यात. पण स्वयंपाकघराचा झरोका कधीही बुजवू नये. शेगडीच्या विषारी वायूला बाहेरची वाट हवीच. रात्री बाहेर गारवा आला की खिडक्या उघडाव्यात, नाहीतर उष्णता घरातच कोंडते.

आता धोक्याचे सांगतो. हा फोम पेटतो आणि त्याच्या धुरात सायनाइडचा वायूही असतो. 2017 साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत 72 माणसे गेली. बाहेरच्या ज्वालाग्राही आवरणामुळे आग पसरली. त्यामागे फोमचाही थर होता. आगीचा धोका रहिवाशांनी आधीच सांगितला होता, कोणी ऐकले नाही. म्हणून खोलीच्या आत उघडा फोम लावू नका, जुन्या वायरिंगजवळ तर मुळीच नको.

आणि हे सारे आपणच आपल्या खिशातून का करावे? छताला चुना मारणे, पाणी शिंपडणे, उष्णतारोधक थर देणे हे उपाय 1948 च्या कारखाने कायद्यातही नमूद होते. पण राहती क्वार्टर्स त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होती, आणि रेल्वेचे रनिंग शेड तर कारखान्याच्या व्याख्येतूनच वगळले होते. क्वार्टर प्रशासनाचे, तर त्याचे छतही प्रशासनाचेच.

तेव्हा प्रत्येक शाखेने वरच्या मजल्यावरील क्वार्टर्सची यादी करावी, दुपारचे तापमान लिहून ठेवावे आणि उन्हाळ्यापूर्वी लेखी मागणी द्यावी. भंगारातला फोम ही आजची सोय आहे. सुरक्षित छत हा आपला हक्क आहे.