भुरीच्या औषधातला एक बंध

मी दिंडोरीचा. घरी द्राक्षबाग, शिक्षण केमिस्ट्रीचं, त्यामुळे औषधाचा पुडा हातात आला की आधी लेबल वाचतो.

भुरीसाठी फवारतात त्यातलं एक औषध म्हणजे बॉस्कॅलिड. ते बुरशीच्या पेशींचा श्वास थांबवतं. त्याच्या रेणूत बेंझीनची दोन वलयं एकाच बंधाने जोडलेली आहेत. सोपं वाटतं ना? पण कार्बनला कार्बन नेमक्या जागी जोडणं फार चिवट काम आहे. 1901 मध्ये उलमानने ते तांब्याने केलं, तेव्हा दोनशे अंशांच्या आसपास तापवावं लागायचं.

1979 मध्ये जपानमध्ये सुझुकी आणि मियाउरा यांनी पॅलेडियम वापरलं. एका वलयावर हॅलोजन लावायचा, दुसऱ्यावर बोरॉन. पॅलेडियम हॅलोजनच्या बंधात शिरतं, बोरॉनकडून दुसरं वलय घेतं, दोघांना जोडतं आणि मोकळं होऊन पुढच्या जोडीकडे जातं. मध्यस्थच म्हणा! कारखान्यात बॉस्कॅलिडमधला तो बंध असाच तयार होतो. सुझुकींनी पेटंट घेतलं नाही. 2010 मध्ये नोबेल मात्र मिळालं, हेक आणि नेगिशी यांच्यासोबत.

मग अडचण काय? पॅलेडियम दुर्मीळ आणि महाग. शिवाय हॅलोजन आणि बोरॉन आधी मुद्दाम लावायचे, शेवटी कचऱ्यात. म्हणून आता थेट कार्बन-हायड्रोजन बंधच उघडायचे प्रयत्न चालू आहेत. पुण्याच्या एनसीएलमध्ये बेणुधर पुंजी यांचा गट त्यासाठी निकेल, लोखंड, मँगनीज असे स्वस्त धातू वापरतो.

पण वलयावर असे बंध बरेच असतात. कोणता उघडायचा? ऑक्टोबर छाटणीनंतर आपण काडीच्या हव्या त्या डोळ्यालाच पेस्ट लावतो ना, तसंच काहीसं. आयआयटी मुंबईत देबब्रत मैती यांच्या गटाने रेणूला एक लांब हात जोडून धातूला दूरच्या बंधापर्यंत नेलं. फरक एवढाच, की पेस्ट डोळ्यावरच लागते आणि हा हात दुसरीकडे जोडलेला असतो.

हे काम मला जाम आवडतं, पण हात आधी जोडा, नंतर काढा, म्हणजे दोन पायऱ्या वाढल्या. टनाने माल काढणाऱ्याला ते परवडणं अवघड. आणि अशा दूरच्या जागेसाठी बहुतेक वेळा अजून पॅलेडियमच लागतं. दूरची जागा, स्वस्त धातू आणि हात न जोडता, हे तिन्ही एकत्र जमवणारी रिअ‍ॅक्शन मला बघायचीय. त्याने फवारणीचं बिल लगेच उतरेल असं नाही हं, औषधाच्या किमतीत इतर बरंच काही असतं.