आधी माणसं, मग डाव

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, अमेरिकन फुटबॉलशी आपला काय संबंध? तर घराघरातली मुलं आता शिकायला अमेरिकेत जातात. कुणाची पुतणी मिशिगनला, कुणाचा भाचा जॉर्जिया टेकला. शरद ऋतूतल्या शनिवारी ही मुलं विद्यापीठाच्या रंगाचा टी-शर्ट घालून स्टेडियमकडे निघतात. मिशिगनच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. ती एवढी माणसं दर आठवड्याला ज्या गोष्टीवर वाद घालतात, तिच्याबद्दल आज बोलू. ती म्हणजे: आपल्या संघाने आक्रमण कोणत्या पद्धतीने करावं?

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन मिनिटं. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. गेले १० यार्ड, तर पुन्हा चार प्रयत्न. नाही गेले, तर चेंडू समोरच्यांचा. प्रत्येक प्रयत्न क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूपासून सुरू होतो. तो चेंडू फेकतो, दुसऱ्याच्या हाती देतो किंवा स्वतः घेऊन पळतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड लाइनमन भिंतीसारखे उभे असतात. आता कोण कुठे उभा राहणार, पळायचं किती, फेकायचं किती, क्वार्टरबॅकने काय बघून निर्णय घ्यायचा, या सगळ्याची ठरलेली पद्धत म्हणजे ऑफेन्सची स्कीम. आपण तिला आक्रमणाची रचना म्हणू.

व्यावसायिक संघांचं सराव हेच काम. कॉलेजचं तसं नाही. खेळाडू विद्यार्थी आहे. त्याला साधारण चार हंगाम खेळायला मिळतात आणि मग तो जातो. हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव घ्यायचा नाही, असा नियम आहे. म्हणून कॉलेजच्या प्रशिक्षकापुढे ‘सगळ्यात चांगली रचना कोणती?’ हा प्रश्नच नसतो. त्याचा प्रश्न असतो: माझ्याकडे जी मुलं आहेत, जेवढा वेळ आहे, त्यात कोणती रचना बसेल? आपल्याकडे म्हणतात ना, अंथरूण पाहून पाय पसरावेत. तेच.

आता हे ठरवायचं कसं? मी तीन प्रश्न सुचवतो, आणि प्रत्येकाला एकेक खरं उदाहरण देतो.

पहिला प्रश्न: आज माझ्याकडे कोण आहे?

१९७१ साल. अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट. मोठं नाव, पण मागचे दोन हंगाम त्यांच्या मानाने अगदी सामान्य गेले होते. १९७० मध्ये तर सदर्न कॅलिफोर्नियाच्या संघाने त्यांना त्यांच्याच राज्यात ४२-२१ असं धुतलं होतं. चेंडू फेकण्यावर भर देण्याचे दिवस सरले, हे ब्रायंट यांनी ओळखलं. त्यांच्याकडे जॉनी मुसोसारखा दणकट धावपटू होता आणि पायाने चपळ असा क्वार्टरबॅक होता. टेक्सासच्या संघाने १९६८ मध्ये विशबोन नावाची रचना आणली होती. तिच्यात क्वार्टरबॅकच्या मागे तीन धावपटू इंग्रजी वाय अक्षरासारखे उभे राहतात आणि सगळा भर पळण्यावर असतो. ब्रायंट यांनी टेक्सासच्या प्रशिक्षकांकडून ती समजून घेतली, गुपचूप सराव केला, आणि हंगामाच्या पहिल्याच सामन्यात लॉस एंजेलिसला जाऊन त्याच सदर्न कॅलिफोर्नियाला १७-१० असं हरवलं. त्या वर्षी नियमित हंगामातले अकराही सामने ते जिंकले. ब्रायंट यांनी रचना आमूलाग्र बदलली, पण ती हातात असलेल्या मुलांच्या दिशेने बदलली, हे विसरू नका.

दुसरा प्रश्न: उद्या माझ्याकडे कोण येणार?

अमेरिकी नौदलाची अकादमी, म्हणजे नेव्ही. तिथे येणारा मुलगा पुढे अधिकारी होणार, नोकरीचं बंधन पत्करणार. अभ्यासाची अट कडक, शरीराचे निकषही सैन्याचे. दीडशे किलोचे लाइनमन तिथे मिळणारच नाहीत, आज नाही आणि दहा वर्षांनीही नाही. २००१ मध्ये हा संघ दहाच्या दहा सामने हरला. पुढच्या वर्षी पॉल जॉन्सन प्रशिक्षक झाले आणि त्यांनी ट्रिपल ऑप्शन आणलं.

ही रचना समजायला सोपी आहे. समोरचा एक बचावपटू मुद्दाम मोकळा सोडायचा, त्याला कुणी अडवायचंच नाही. क्वार्टरबॅक त्याच्याकडे बघतो. तो आत धावला, तर चेंडू घेऊन बाहेर पळायचं. तो बाहेर थांबला, तर चेंडू आतल्या धावपटूला द्यायचा. म्हणजे ज्याला ताकदीने ढकलता येत नाही, त्याला निर्णयाने चुकवायचं. लाइनमन हलके असले तरी चालतात, कारण त्यांना अडवायला एक माणूस कमी असतो. शिवाय पळण्यात घड्याळ चालत राहतं, चेंडू आपल्याकडे राहतो आणि तगड्या संघाला संधी कमी मिळतात. आणि समोरचा संघ असा खेळ वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच बघतो. त्याला तयारीला मिळतात चार-पाच दिवस.

जॉन्सन यांच्या पहिल्या वर्षी दोनच विजय मिळाले. दुसऱ्या वर्षी आठ, तिसऱ्या वर्षी दहा. आणि २००७ मध्ये नेव्हीने नोत्र दामला तीन जादा डावांनंतर ४६-४४ असं हरवलं. त्याआधी ते नोत्र दामकडून सलग ४३ वर्षं हरले होते. याची किंमत नाही का? आहे. वीस गुणांनी मागे पडलात, तर पळून पळून भरपाई होत नाही. पण प्रत्येक रचनेला किंमत असते. कोणती किंमत आपल्याला परवडते, एवढंच निवडायचं असतं.

तिसरा प्रश्न: शिकवायला वेळ किती आहे?

१९८९ मध्ये आयोवा वेस्लियन या छोट्याशा कॉलेजात हॅल मम्मी प्रशिक्षक झाले आणि त्यांच्यासोबत होते माइक लीच. या दोघांनी जी पद्धत घडवली तिला पुढे एअर रेड म्हणू लागले. चार-पाच खेळाडू मैदानभर पसरवायचे आणि सतत चेंडू फेकायचा. पण तिचं खरं मर्म फेकण्यात नाही, वजाबाकीत आहे. इतर संघांच्या डावांच्या वह्या जाडजूड असायच्या. यांनी मोजकेच डाव ठेवले आणि तेच शेकडो वेळा घोटून घेतले. आठवड्याला २० तासच मिळत असतील, तर शंभर डाव अर्धेकच्चे येण्यापेक्षा वीस पक्के आलेले बरे. लीच पुढे टेक्सास टेकला गेले. २००८ मध्ये तिथल्या संघाने, शेवटचा एक सेकंद उरलेला असताना टचडाऊन करून, देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या टेक्सासला ३९-३३ असं हरवलं. टेक्सासला राज्यातली हवी ती मुलं मिळत होती. टेक्सास टेककडे होती ती पाठ झालेली गोष्ट.

आता उलट बाजू. हे तीन प्रश्न बाजूला ठेवून रचना बदलली, तर काय होतं?

मिशिगन, २००८. नवे प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ. वेस्ट व्हर्जिनियात त्यांची स्प्रेड रचना अफाट चालली होती, कारण तिथे क्वार्टरबॅक वाऱ्यासारखा पळणारा होता. मिशिगनमध्ये त्यांच्या वाट्याला आला रायन मॅलेट. साडेसहा फूट उंच, तोफेसारखा हात, पण पळणं हा त्याचा प्रांत नव्हे. मॅलेटने ओळखलं आणि तो आर्कान्सासला निघून गेला. मिशिगनने त्या वर्षी बारापैकी नऊ सामने गमावले. १९६७ नंतर त्यांचा हा पहिला तोट्याचा हंगाम होता.

पण गोष्ट इथे संपत नाही. मॅलेटने आर्कान्सासमध्ये दोन हंगामांत ६० हून जास्त टचडाऊन पास फेकले. आणि मिशिगनमध्ये २०१० साली डेनार्ड रॉबिन्सन या क्वार्टरबॅकने, त्याच स्प्रेड रचनेत, एका हंगामात १,७०० यार्डांहून जास्त धाव घेतली. म्हणजे रचना वाईट नव्हती आणि खेळाडूही वाईट नव्हता. दोघांची गाठ चुकली होती. रॉबिन्सन बहरला तोवर उशीर झाला होता. तो हंगाम संपल्यावर रॉड्रिगेझ यांची नोकरी गेली.

जॉर्जिया टेकचंही तसंच. पॉल जॉन्सन तिथे अकरा हंगाम ऑप्शन खेळवून २०१८ मध्ये निवृत्त झाले. नव्या प्रशिक्षकांनी आधुनिक रचना आणायची ठरवली. पण खेळाडू होते ऑप्शनसाठी निवडलेले. टाइट एंड नावाची जागाच जुन्या रचनेत नव्हती, त्यामुळे त्या जागेसाठी घडवलेला खेळाडूही नव्हता. २०१९ मध्ये फक्त तीन विजय.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कुणीतरी कधीतरी बदल करायलाच हवा ना? चांगले चेंडू फेकणारे, झेलणारे खेळाडू ऑप्शन खेळणाऱ्या कॉलेजात येत नाहीत. मग कायम तेच करायचं का? नाही. बदल करावा. पण त्याचा हिशोब उघड मांडावा. एका वर्षात सगळं उलथवण्याऐवजी, आहे त्या मुलांना जमणारे डाव ठेवून नवे हळूहळू मिसळता येतात. वसंतात सरावाची १५ सत्रं मिळतात. ती नवी रचना शिकवण्यात खर्च करण्याआधी पहिली तीन-चार नुसती बघण्यासाठी ठेवावीत. सुरुवात लाइनमनपासून करावी. भिंत जे पेलू शकत नाही, ते क्वार्टरबॅक कितीही हुशार असला तरी होत नाही.

कारण प्रशिक्षक म्हणतो, ‘हे वर्ष पायाभरणीचं आहे.’ त्याच्याकडे पाच वर्षांचा करार असतो. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाकडे तेवढं एकच वर्ष असतं. त्यातले बहुतेक जण पुढे व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळणार नसतात. तुमच्या पायाभरणीत त्यांचा शेवटचा हंगाम गाडला जातो. रचना निवडताना फळ्यावर गोल आणि फुल्या काढण्याआधी त्या मुलांची नावं लिहावीत, आणि प्रत्येकाला या रचनेत काय करायला मिळेल ते नावापुढे लिहावं. बऱ्याच नावांपुढची जागा रिकामी राहिली, तर ती रचना यंदाची नव्हे.