नोकरी गेलेल्यांची आगोट



मे महिन्याच्या अखेरीस दांड्याच्या कोळीवाड्यात व्याख्यान ठेवू नका, माणसे आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, गडबडीत असतात, असा सल्ला कार्यकर्त्यांना मिळाला होता म्हणे. मला मात्र माझ्या विषयाला हाच मोसम बरोबर वाटला. वलांडीवर सुकलेले बोंबील उतरवले जात आहेत, जवळा पाखडून डबे भरले जात आहेत, मसाले कुटून येत आहेत, ताडपत्र्या झटकल्या जात आहेत. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना समुद्र बंद. मासळीच्या विणीचा काळ आणि खवळलेला दर्या, दोन्ही कारणे खरी. सरकारी बंदी अलीकडची, पण पावसाळ्यात होडी वर घेऊन नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची रीत फार जुनी. थोडक्यात, या वस्तीला दरवर्षी दोन महिने कमाई नसते आणि ते दोन महिने कसे काढायचे हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते.

इथून स्टेशनच्या बाजूला चालत निघालात तर अर्ध्या तासात खारच्या इमारती ओलांडून रुळांपाशी पोचाल. तिथे आणि पुढे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडपर्यंत ज्यांची नोकरी जाते, त्यांना हे कुणी शिकवलेले नसते. मी बरीच वर्षे अंधेरी पूर्वेच्या कारखान्यांत पगारपत्रके केली. कमी केलेल्या माणसाचा शेवटचा हिशेब माझ्या टेबलावरून जायचा. हिशेब कळायचा, पण पुढे त्या घराचे काय होते ते कागदावर येत नसे. ते मी नंतर, ओळखीच्या घरांतून पाहिले. त्यावरून माझे मत झाले आहे की नोकरी गेल्यावर घर काटकसरीने बुडत नाही, काटकसर लपवण्याने बुडते.

उपनगरांना ही गोष्ट नवी नाही. कुर्ल्याचा प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना गेला. भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर जिथे भोंगे वाजायचे तिथे आता मॉल आणि मनोरे आहेत. विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला आणि गाडीत बसल्या बसल्या येणारा तो गोड वासही गेला. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उतरले. सुमारे १६ हजार माणसे कामाला होती. विमानतळाच्या आसपास राहणारी कितीतरी घरे त्यांत होती. पगार तर आधीच काही महिने रखडलेले होते. कंपनी पुन्हा उडेल या आशेवर माणसे थांबली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ती अवसायनात काढण्याचा आदेश दिला. साडेपाच वर्षे! एवढा काळ आशेवर कुणाचीही चूल चालत नाही.

आणि अर्थात १८ जानेवारी १९८२. अडीच लाख गिरणी कामगारांचा त्या दिवशी सुरू झालेला संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या घरांनी दिवस कसे काढले? कुणी कोकणात, कुणी घाटावर गावी परतले. गावाहून तांदळाची, नाचणीची गोणी आली. भांडी विकली गेली, मुलांच्या शाळा सुटल्या. बायकांनी पोळ्या लाटल्या, पापड लाटले, खाणावळी चालवल्या. खाणावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ सालीच उभे केले होते. त्या गिरणी कामगाराला एक सोय होती, जी आजच्या कांदिवलीच्या फ्लॅटवाल्याला नाही. त्याला दोन चुली होत्या, एक चाळीत आणि एक गावात. आजच्या माणसाची दुसरी चूल नाही, तिच्या जागी हप्ता आहे.

हप्त्याचे आधी बोलून टाकतो. घराचा हप्ता थकणार असे दिसले की बँकेत आपण होऊन जावे, थकल्यावर जाऊ नये. नव्वद दिवस थकला की खाते बुडीत कर्जात धरतात आणि मग समोरचा माणूस बदलतो, भाषाही बदलते. क्रेडिट कार्डावर किराणा भरू नये. किमान रक्कम भरून उरलेले पुढे ढकलले तर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर व्याज. इथली कोळीण या दराने बर्फही घेणार नाही. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसी करून घेता येते, पण अर्ज नोकरीत असतानाच करावा.

कागदांचेही ऐका. ‘राजीनामा लिहून द्या, तुमच्याच भल्याचे आहे’ असे म्हणतात तेव्हा त्या दिवशी सही करू नका. कामगार या व्याख्येत बसणाऱ्याला आणि वर्षभर सलग नोकरी झालेल्याला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ही १९४७च्या कायद्यातली तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही ती आहे, शिवाय नवे कौशल्य शिकण्यासाठी म्हणून आणखी पंधरा दिवसांचा पगार खात्यात जमा व्हायचा आहे. राजीनामा दिलात की हे सगळे गेले. व्यवस्थापक कामगाराच्या व्याख्येत येत नाही, हे खरे. पण ग्रॅच्युइटी त्यालाही आहे. राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, ज्याचे पैसे कापले जात होते, त्याला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत आयुष्यात एकदा, नव्वद दिवसांपर्यंत, सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम मिळू शकते. हे मागावे लागते. कुणी घरी आणून देत नाही.

आता स्वयंपाकघर. इथे दांड्याने शिकवावे आणि बाकीच्यांनी वही काढावी. पावसाळ्यात कोळ्याच्या घरी ताजे म्हावरे कमी असते, पण ताट रिकामे नसते. सुकट-बटाटा, जवळा-कांदा, वांग्यात सोडे, बोंबलाची चटणी. मूठभर सुकटीवर चार माणसांची भाकरी होते. इमारतीत सुकट भाजली की खालच्या मजल्यावरून तक्रार येते, हा भाग वेगळा. इमारतीतल्यांनी कडवे वाल, चवळी, कुळीथ घ्यावेत. ज्यांना ताजेच हवे त्यांनी पापलेट-सुरमईची ओळख काही दिवस विसरून तारली, मांदेली, बांगड्याशी सोयरीक करावी. बाजार उठायच्या वेळी उरलेला वाटा स्वस्त सुटतो. मात्र तेव्हा घासाघीस करताना समोरच्या बाईचाही तो दिवसाचा हिशेब आहे हे लक्षात असू द्या.

यातली अक्कल स्वस्त खाण्यात नाही. खर्च आधी ठरलेला आहे, माल आधी भरलेला आहे, आणि सगळी गल्ली तेच खाते आहे, यात आहे. जुलैत कुणाच्या डब्यात पापलेट नाही म्हणून कुणी कुणाकडे बघत नाही. उलट इमारतीत काय होते पाहा. नोकरी गेलेला गृहस्थ सकाळी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून बॅग घेऊन बाहेर पडतो. कार्टर रोडच्या कट्ट्यावर असे दोघेतिघे मला ठाऊक आहेत. मग दुपारचे बाहेरचे खाणे, दोन चहा, परतताना पाऊस आला की रिक्षा, जिचे मीटरच सव्वीस रुपयांवर पडते. सोसायटीच्या सहलीची वर्गणी नाही म्हणता येत नाही. मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात पाकीट पूर्वीइतकेच जाड द्यावे लागते. मुलांना सांगितलेले नसते, म्हणून त्यांचे मागणे कमी होत नाही. माझा अंदाज असा, की अशा घरात डाळ-तांदळावर वाचवलेले सगळे या सोंगात जाते. सांगून टाकले तर ते वाचते, आणि दुसरे म्हणजे कानावर गेल्याशिवाय कुणी काम सुचवणार कसे?

आता रिकाम्या वेळाचे. १९३०च्या सुमारास ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाच्या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तिथे जाऊन अभ्यास केला. १९३३ साली त्यांचे पुस्तक आले. कुणालाही वाटेल, वेळ मोकळा झाल्यावर माणसे वाचतील. प्रत्यक्षात वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. त्यांनी रस्त्यावरच्या लोकांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष हळू चालत, जागोजागी थांबत. बायका भराभर जात, कारण घरची कामे संपली नव्हती. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातले गिरणगावातले ते घर ज्यांनी रंगमंचावर पाहिले आहे, त्यांना घरात बसून राहिलेल्या मुलग्यांचे वेगळे वर्णन करायला नको.

बंदीच्या दिवसांत दांड्याचा पुरुष मात्र असा बसलेला दिसत नाही. होडी वर ओढून शाकारायची असते, इंजिन उघडायचे असते, फाटलेली जाळी दुरुस्त करायची असते. कमाई बंद असते, काम चालू असते, आणि ते काम ऑगस्टच्या कमाईचेच असते. नोकरी शोधणाऱ्याने हे उचलावे. दिवसाचे पहिले तीन तास नोकरीच्या शोधाचे: अर्ज, फोन, जुन्या सहकाऱ्यांच्या भेटी. नंतरचा वेळ हाताला जे नवे शिकायचे त्याचा; अभ्यासिकेत मुले असतात म्हणून लाजू नका. आणि उरलेला घरकामाचा. बायको अजून नोकरीवर असेल तर भांडी तुमची, यावर मी वाद ऐकून घेणार नाही.

घरकामावरून आठवले. पगार थांबला की बहुतेक घरांत पहिली कात्री कामवालीवर चालते. कदाचित चालवावी लागेलही. पण ती दांड्याच्या किंवा पलीकडच्या एखाद्या गल्लीतून येते, आणि तिचीही ती नोकरीच आहे. कंपनीने तुम्हाला महिन्याची नोटीस द्यायला हवी होती ना? मग तिलाही द्या.

जिथे कात्री चालवू नये अशा जागाही आहेत. मोबाइलचे रिचार्ज, रक्तदाबाची गोळी, मुलाखतीला जाण्याचे भाडे. बेस्टचे किमान भाडे ९ मे २०२५पासून पाचाचे दहा झाले, ते टोचते; पण मुलाखतीला घामाघूम होऊन पोचण्यापेक्षा दहा रुपये बरे.

आता इथे बसलेल्या एखाद्या तांडेलाच्या मनात आले असेल, हा बाहेरचा माणूस येऊन आमचे फार गोडवे गातो आहे. बरोबर आहे. बंदीतला कोळीही कर्ज काढतो. डिझेल महाग झाले, मासळी घटली, वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूच्या कामाने जाळी टाकायच्या जागांची भीती आहेच. बाई भिशीचे पैसे आधी उचलते, कुणी सोने ठेवते. आणि सर्वांत मोठा फरक: बंदी ३१ जुलैला उठते. नोकरी कधी लागेल याची तारीख कुठल्याही दिनदर्शिकेत नसते. म्हणून मी एवढेच सांगतो, की ती तारीख आपण घालून घ्यावी. दोन महिन्यांचा शिधा आणि खर्च एका कागदावर, घरातल्या सगळ्यांसमोर. दोन महिने संपले की पुन्हा बसायचे: कमी पगाराची नोकरी घ्यायची का, भाडे कमी असलेल्या जागेत जायचे का, हे तेव्हा ठरवायचे. रोज रात्री अंथरुणात नाही.

शेवटचा मुद्दा घरातला नाही, सरकारातला आहे. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराने स्वतःचे १५०० रुपये घालायचे, सरकारने ३००० घालायचे आणि बंदीच्या काळात ते ४५०० त्याला परत मिळायचे, अशी तरतूद आहे. रक्कम किरकोळ आहे, पण बिनकमाईचे दिवस येणार हे सरकारने धरून चालले आहे. शेतमजुरासाठी हेच महाराष्ट्राने फार आधी मान्य केले. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमी योजना उभी राहिली, तिच्यामागे वि. स. पागे होते, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशाने तेच तत्त्व उचलले. तिचा पैसा कुठून आला? तुमच्या पगारपत्रकात व्यवसाय कर म्हणून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात, तो कर १९७५ साली याच योजनेसाठी बसवला. मी हजारो पगारपत्रकांत तो कापला आहे आणि मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. शहरातल्या पगारदाराने गावातल्या बेकाराला काम द्यावे, हे चांगलेच झाले.

पण वीस वर्षे तो कर भरलेल्या माणसाची नोकरी गेली तर त्याच्यासाठी शहरात काहीच हमी नाही. त्याला मातीकाम नको आहे. त्याच कराच्या पैशातून, सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलेल्या माणसाला तीन महिन्यांचा लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास आणि बेस्टचा पास द्या. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात, तिथे दोन तास टेबल-खुर्ची आणि इंटरनेट द्या. खर्च फार नाही, मी आकडे मांडून पाहिले आहेत. खारच्या नगरसेवकांपुढे ही मागणी ठेवायची असेल तर निवेदनाचा मसुदा मी बरोबर आणला आहे, व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर आहे. सही करण्यापूर्वी वाचा, कुठे बदल हवा असेल तर पेनाने तिथेच करा.